नवानं भाग गेला तर

नितेशनं नऊही चिठ्ठ्या उलगडून पाहिल्या. एक ते नऊ, प्रत्येक आकडा एकदाच. कुठं खूण नव्हती, कोपरा दुमडलेला नव्हता. तरी त्याचा जीव मानेना.

"दोन भाऊ, दोन तुकडे. दोनच चिठ्ठ्या कर ना. हे काय नवीन काढलं?"

"दोनच केल्या तं तू म्हणशीन, दादानं खूण करून ठेवली," गजेंद्र म्हणाला. तो अमरावतीच्या एका शाळेत गणित शिकवायचा. वाटणीसाठी सकाळीच मोर्शीला आला होता. "आई एकेक चिठ्ठी काढीन. आकडे निघतीन तसे एकापुढे एक मांडू. नऊ आकडी संख्या होईन. तिले नवानं पूर्ण भाग गेला, तं विहिरीकडचा बगिचा तुया. नाही गेला, तं माया."

विहिरीकडची संत्र्याची झाडं उन्हाळ्यातही हिरवी असायची. दुसऱ्या तुकड्यात मार्च लागला की टँकर बोलवावा लागे. वडील गेल्यापासून दोन्ही तुकडे नितेशच सांभाळत होता.

त्यानं मनात हिशेब केला. नवानं भाग जाणारी संख्या नवांतून एकच. म्हणजे दादाला आठ संधी, आपल्याला एक. मास्तरनं बरोबर डाव टाकला होता.

"उलटं कर," तो म्हणाला. "भाग गेला तं तुया. नाही गेला तं माया."

गजेंद्रचा चेहरा उतरला. "नाही. मी म्हणलं तसंच राहू दे."

"काहून? आता काहून पोटात दुखून राहिलं?"

गजेंद्र काही सांगायला गेला आणि थांबला. "आई, तू समजाव याले."

जमुनाबाईंना त्यातलं काही कळत नव्हतं. धाकटा हटून बसलाय एवढं दिसत होतं. "होऊ दे त्याच्या मनासारखं," त्या म्हणाल्या.

चिठ्ठ्या डब्यात टाकून तो नितेशनंच हलवला. आईनं चिठ्ठ्या काढल्या. ५८३१७२९६४. त्यानं मोबाइलवर नवानं भागलं. बाकी शून्य. पुन्हा भागलं. शून्यच.

गजेंद्र बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

"फसवलं मले," नितेश बायकोला म्हणाला. "काहीतरी केलं त्यानं."

अपेक्षा सतरंजीवर त्याच चिठ्ठ्या मांडत होती. क्रम बदलायची, मोबाइलवर भागायची. पुन्हा बदलायची, पुन्हा भागायची. मग तिनं हात थांबवला.

"एक ते नऊची बेरीज पंचेचाळीस," ती म्हणाली. "या चिठ्ठ्या कशाही मांडा, नवानं भाग जातेच."

"म्हणजे दादाले पहिल्यापासून माहीत होतं?"

"होतं." तिनं ओट्याकडे पाहिलं. "तुमी उलटं कराले लावलं, त्याच्या आधीपासून."