रविवारचं दुखणं

रविवारी संध्याकाळी खारू घरी आली ती बापाच्या खांद्यावर मान टाकून.

"दुपारी परत डोकं दुखलं," तो दारातूनच म्हणाला. "उलट्याही झाल्या. अंधार करून निजवलं तिला. आता उतरलंय."

"परत?" आईने पोरीला त्याच्याकडून जवळजवळ ओढूनच घेतलं. "अख्खा आठवडा माझ्याकडे असते, तेव्हा साधी कुरकुर नसते तिची. तुझ्या घरात पाऊल टाकलं की बरी धाड भरते?"

त्याने खारूची पिशवी दाराशी ठेवली. फ्रिज दुरुस्त करणारा माणूस. नाकासमोर चालायचं, हातातलं काम करायचं आणि तोंड बंद ठेवायचं. लग्न मोडलं तेव्हाही तो असाच गप्प राहिला होता, आणि त्या गप्पपणाचा तिला अजून राग होता.

खारू आठ वर्षांची. पुढचे दात जरा मोठे, म्हणून बापानेच ठेवलेलं ते लाडाचं नाव. आईचं खाली पार्लर होतं, वर दोघी राहायच्या. घरात शिस्त म्हणजे शिस्त. अभ्यास, जेवण, झोप, सगळं ज्या त्या वेळी. पोरही गुणाची. एखाद्या दिवशी तर सांगायच्या आधीच दिवा मालवून झोपून जायची. कधी भूक नाही म्हणायची, पण हट्ट नाही की रडारड नाही. खोड म्हणाल तर एकच. न्हाणीघरात गेली की नळ सोडून बसायची.

"पाण्यात खेळून मिळतं काय गं तुला?" आई दार वाजवायची.

"आले," आतून आवाज यायचा.

बापाकडे शिस्तीच्या नावाने शंखच. उठणं उशिरा, जेवण लागेल तेव्हा, खोलीभर स्क्रू आणि तांब्याच्या नळ्या पसरलेल्या. पोरीचं डोकं दुखेल नाही तर काय?

आई तिला मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं, नाकाला बोट लावायला सांगितलं, एका रेषेत चालवलं.

"मायग्रेन आहे. अर्धशिशी."

"एवढ्याशा पोरीला?"

"मुलांनाही होते. मोठ्यांसारखं अर्धंच डोकं दुखेल असं नाही, बहुतेकदा सगळं कपाळच ठणकतं. मळमळतं. उजेड नको होतो, आवाज नको, वास नको. लोकांना वाटतं पोर नाटक करतंय. नाटक नसतं ते. दुखायला लागल्याबरोबर औषध द्यायचं आणि शांत निजू द्यायचं. घरात आणखी कुणाला आहे?"

"हिच्या आजीला. बापाच्या आईला," आई म्हणाली. "आमच्याकडे कुणाचं डोकं कधी दुखलं नाही. त्यांच्याच घराण्याची देणगी ती."

खुर्चीवर पाय हलवत बसलेली खारू थांबली.

"तुझं कधी दुखतं गं?" डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे वाकून विचारलं.

"रविवारी," आईने सांगून टाकलं. "बापाकडे गेली की. माझ्याकडे एकदाही नाही. हो की नाही गं?"

खारूने मान डोलावली.

"जेवणाची वेळ चुकली, झोप बिघडली, की उचल खाते ही अर्धशिशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आईला तेवढंच हवं होतं. घोडं कुठे पेंड खातंय ते आता डॉक्टरांच्याच तोंडून निघालं होतं.

रविवारी पोरीला बापाकडे पाठवणं बंद व्हावं म्हणून तिने कोर्टात अर्ज केला आणि तिथल्या समुपदेशक बाईंसमोर सगळं जसंच्या तसं मांडलं. त्या खारूशी एकटीशी बोलल्या, तेव्हा खारू म्हणाली, "आई म्हणेल तसं."

मग त्यांनी बापाला विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

त्याने चष्मा पुसून परत लावला.

"जेवायला उशीर होतो कधीकधी. खोटं कशाला बोलू?" तो म्हणाला. "माझ्या घरी येऊन तिला त्रास होत असेल, तर नको यायला. तिला बरं वाटू दे."

तो भांडेल म्हणून आई कंबर कसून आली होती. एवढं सोपं जाईल असं तिला वाटलं नव्हतं.

मग रविवार घरीच जाऊ लागले. पार्लरमध्ये त्याच दिवशी सगळ्यात जास्त गर्दी. ड्रायरची घरघर, आरशांभोवती दिवे, केसांच्या रंगाचा उग्र वास, शिवाय बायकांच्या गप्पा. खारू कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून पिना हातात द्यायची. एक रविवार गेला, दुसरा गेला, महिना उलटला. डोकेदुखीचं नाव नाही.

"बरं झालं बाई, वेळेवर ओळखलंत," एक जुनी गिऱ्हाईक म्हणाली.

"आईच्या नजरेतून काही सुटतं का?" आई आरशात बघून हसली.

अशाच एका रविवारी गिऱ्हाइकाचं डोकं फेसाने भरलेलं असताना नळाची धार बारीक झाली. वर पाणी चालू होतं. आई तणतणत जिना चढली, न्हाणीघराचं दार तिने ढकललं. कडी लावलेली नव्हती.

आत अंधार होता. नळ बादलीत मोकळा वाहत होता. खारू फरशीवर बसली होती, ओला टॉवेल डोळ्यांवर दाबून, कपाळ भिंतीला टेकवून. पुढ्यात उलटी झालेली.

आईने नळ बंद केला. खाली बसून तिने पोरीला जवळ ओढलं.

"कधीपासून दुखतंय?"

"सकाळपासून."

"आज पहिल्यांदाच ना? इथे पहिल्यांदाच ना गं?"

"नाही."

"म्हणजे? तुझं तर बाबाकडेच दुखायचं!"

"इथेपण दुखायचं. आधीपासून."

"मग मला एकदाही सांगितलं का नाहीस?"

खारूने टॉवेल डोळ्यांवरून काढला नाही.

"बाबाकडे दुखलं तरी चालायचं," ती म्हणाली.