मावेल तेवढंच

पहिली सूचना सगळ्या सभासदांना गेली आणि शब्दकोड्यांच्या संकेतस्थळाचे संपादक चष्मा पुसत पडद्याजवळ सरकले. या प्रकारावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पण मेल पाठवून पाठवून ते थकले होते, ती कोणी उघडत नव्हतं, म्हणून नाइलाजाने ही सूचनांची सोय बसवायचं काम शेजारी बसलेल्या या मुलीला दिलं होतं. आता सभासदाच्या कॉम्प्युटरवर, कोपऱ्यात, एक चौकट आपोआप उमटत होती: नवं कोडं आलं आहे.

नावांपुढे शेरे पडू लागले. ‘पोचली.’ ‘उघडली.’ ‘उघडली.’ मध्येच एक ‘बंद केली.’

“हा कोण शहाणा?”

“असतील कामात. पण सर, बंद करायची म्हटली तरी चौकट डोळ्यांखालून जातेच,” ती म्हणाली. “मेलचं तसं नाही. पाठवणाऱ्याचं नाव बघूनच टाकून देतात.”

हे ती जरा जास्तच ठासून बोलली. संपादकांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

मग तिने सांगून टाकलं. या सभासदांत तिचे बाबाही होते. नवरा सोडून ती माहेरी न जाता या शहरात खोली घेऊन राहिली, तेव्हापासून त्यांनी अबोला धरला होता. फोन उचलत नव्हते, तिची मेल उघडत नव्हते. कोडं मात्र एक दिवस चुकवत नव्हते. आणि येत्या शनिवारी ती पुन्हा लग्न करत होती.

“एकच सभासद, एकच चौकट. पाठवू?”

“माझ्या सभासदाला तुझा घरगुती निरोप?” संपादकांचा आवाज चढला. “उद्या कोणी बायकोला भाजी आणायला सांगेल इथून!” ते उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. “काय लिहिलंयस, दाखव.”

तिने दाखवलं. चांगला लांबलचक मजकूर होता. कालपासून लिहीत होती. चौकटीत त्यातलं ‘बाबा, तुम्हाला माझा राग येणं साहजिक आहे, पण’ इतकंच मावलं. पुढे तीन टिंबं.

“राग काढ,” संपादक म्हणाले. “आहे तो पुरे आहे, आठवण कशाला करून देतेस?”

तिने राग काढला.

“‘शक्य झालं तर’ काढ. तूच त्यांना पळवाट देतेयस.”

तेही गेलं. ‘मी सुखात आहे’ हे वाक्य काढताना मात्र तिचा हात अडला. संपादकांनी घाई केली नाही. ती स्वतःच म्हणाली, “आले तर बघतीलच,” आणि तेही तिने खोडलं.

शेवटी उरलं ते असं: ‘बाबा, शनिवारी अकराला माझं लग्न. विवाह नोंदणी कचेरी. या.’

“खाली नाव?”

“त्यांना एकच मुलगी आहे.”

संपादकांनी मान हलवली. तिने बटण दाबलं.

‘पोचली’ असा शेरा उमटला आणि तिथेच राहिला. संपादकांनी टेबलावरचे सरळच असलेले कागद पुन्हा सरळ केले.

“जेवत असतील,” ते म्हणाले.

“या वेळी ते कॉम्प्युटरपुढेच असतात. आत्ता वाचतायत.”

“मग वाचू दे की. ओळ छोटी असली तरी वाचायला वेळ लागतो कधीकधी.”

शेरा बदलला. ‘नंतर आठवण करून द्या.’

ही सोय संपादकांनीच हट्टाने करून घेतली होती. वयस्कर सभासदांना दुपारची डुलकी काढून मग कोड्याला बसायचं असतं. तेव्हा त्यांनी हे बटण दाबायचं, हवी ती वेळ घालायची, त्या वेळेला चौकट पुन्हा येणार.

तिचा चेहरा उतरला. “टाळलं,” ती म्हणाली. “सरळ ‘नाही’ तरी म्हणायचं. चौकट बंद केली असती तरी मला कळलं असतं. हे असं लोंबकळत ठेवायचं माणसाला!” तिचं रडू फुटायच्या बेतात होतं आणि परक्या माणसासमोर ते फुटू नये म्हणून ती वायर गुंडाळायला लागली.

संपादक अजून पडद्यावरच वाकलेले होते.

“वेळ घातलीय त्यांनी,” ते म्हणाले. “शनिवार, पहाटे साडेचार.” त्यांनी चष्मा वर-खाली करून पुन्हा वाचलं. “काहीतरी चुकलंय तुझ्या यंत्रात. साडेचारला उठून कोडं सोडवणारा एकही सभासद नाही माझ्याकडे.”

तिचे हात थांबले. तिनेही वाकून वाचलं.

“बाबांच्या गावाहून इकडे यायला पहिली गाडी साडेपाचला सुटते, सर,” ती म्हणाली.