उपाशी हातांच्या गोधड्या

शाळेतल्या पूरग्रस्तांच्या छावणीत मदतीचा माल तपासणाऱ्या मृण्मयी शिरगुप्पेने यंत्र टेकवलं आणि गोधडीचा धागा लाल झाला. म्हणजे शिवणारी उपाशी होती. दुसरी गोधडीही लाल, मग सगळा गठ्ठाच. उपाशी किंवा राबवून घेतलेल्या हातांची वस्तू मदतीसाठी घ्यायची नाही, असा कायदा होता. आणि शिवणाऱ्याचे हाल टिपून ठेवणारा हा धागा खोटं बोलत नसे. शाळेच्या वर्गांत पूरग्रस्त ओल्या कपड्यांनिशी कुडकुडत बसले होते.

तिने गोधड्या पाठवणाऱ्या बचत गटाच्या इंदुमतीताईंना फोन लावला.

"ताई, बायकांना जेवायला देत नाही का तुम्ही?"

"अहो मॅडम, तुमच्याकडं पाणी चढलं तसा सगळ्यांनी उपास धरलाय. पाणी उतरल्याशिवाय सोडायचा नाही."

"असं कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? गोधडी मात्र उपाशी नाही हां. आमच्या रिवाजाप्रमाणं कोपऱ्यात पुरणपोळीचा घास शिवलाय."

मृण्मयीने फोन ठेवला. अपवाद म्हणून माल घेण्याचा अधिकार तिला होता. मंजुरीसाठी तिने यंत्रावर अंगठा टेकवला. आता यंत्रच लाल झालं. 'अधिकारी उपाशी. मंजुरी अमान्य.' सकाळपासून छावणीतल्या पंगती वाढताना तिचं स्वतःचं जेवण राहून गेलं होतं.

तिने वरची गोधडी ओढली, कोपऱ्याची शिवण उसवली, वाळलेला घास नीट चावून गिळला आणि पुन्हा अंगठा टेकवला.