साध्या भाषेत

“महाराज, दुर्गरक्षणाचा भार या बाहूंवर सोपवून आपण निश्चिंत निद्रासुख घ्यावे.” सेनापतीचं पहिलं वाक्य धाकट्यानं एका दमात म्हणून टाकलं.

“आता साध्या भाषेत,” दिग्दर्शक म्हणाला.

नाटक मंडळींची ही रीतच होती. जुनं शोकनाटक हाती घेतलं की पहिल्या अंकाचं वाचन असंच व्हायचं. आधी पुस्तकातलं वाक्य, मग लगेच त्याचा अर्थ, घरात बोलतो तसा. अर्थाबाहेरचं कोणी काही बोललं की प्रॉम्प्टरनं पेन्सिलीनं टेबलावर टकटक करायची. प्रॉम्प्टर म्हणजे या दोघा भावांची आई. थोरला राजा, धाकटा सेनापती. नाटकं बदलली तरी वाटणी तीच. नवरा गेल्यावर मंडळींचा कारभार थोरल्याकडे सोपवणारीही तीच होती.

सकाळपासून हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली होती. “कालचक्राची गती कोणास रोधता आली आहे, नाथ?” याचा अर्थ राणीनं सांगितला होता, “अहो, उशीर झालाय, आवरा.”

धाकटा पुस्तकाकडे बघत म्हणाला, “दादा, गड मी सांभाळतो. तू निवांत झोप.”

अर्थ चोख होता. आईनं पान उलटायला हात उचलला.

“तसा तू निवांतच झोपतोस म्हणा,” धाकटा बोलतच राहिला. आवाज जराही चढला नव्हता. “बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा वर्षभर त्यांना उचलून बसवत होतो मी. त्यांच्या खुर्चीवर बसलास तू. त्याच दिवशी मी ठरवून टाकलं.”

आईनं टकटक केली.

“राहू दे गं आई, रंगात आलाय तो,” थोरला म्हणाला. मग राजाच्या तोऱ्यात मान उंचावून त्यानं विचारलं, “काय ठरवलंस, सेनापती?”

“पुढचं वाक्य तुझं आहे, दादा.”

टाळ्या पडल्या. “बघा, आता पदरची वाक्यं घालायला लागला,” राणी कौतुकानं म्हणाली.

आईनं पेन्सिल खाली ठेवली. तीस वर्षं ती या पोराला विंगेतून वाक्यं पुरवत आली होती. एक शब्द विसरला तरी तो रंगमंचावर खांबासारखा उभा राहायचा. पदरचं एक अक्षर त्याला कधी सुचलं नव्हतं, आणि आज ही तीन-चार वाक्यं तो न अडखळता बोलला होता.

दिग्दर्शक भलताच खूश झाला. “तिसऱ्या प्रवेशात राजा बुरुजावरून दोरानं खाली उतरतो. चांगला पंधरा फूट. दोर वरून सेनापती सोडतो. मागे दुसरा माणूस ठेवण्यापेक्षा खरोखरच याच्या हातात देऊ या का?”

“द्या ना,” थोरला म्हणाला. “दुसऱ्या कोणाच्या भरवशावर मी लटकणारच नाही.”

“नको,” आई म्हणाली.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. “का हो आई?” दिग्दर्शकानं विचारलं.

काय सांगणार? एकाला वाचवायचं तर दुसऱ्याला चारचौघांत खुनी ठरवायचं, तेही टेबलाभोवती बसून केलेल्या एका खेळावरून. दोघंही तिच्याच पोटचे.

“दोर मी धरीन,” ती म्हणाली.

पुन्हा हशा पिकला. सत्तरीची बाई बुरुजावर चढणार म्हणून सगळ्यांत मोठ्यानं थोरला हसला.

धाकटा तेवढा हसला नाही. तो उठून तिच्याजवळ आला आणि पाण्याचा पेला त्यानं तिच्या हाताशी सरकवला.

“आई,” तो हलक्या आवाजात म्हणाला, “तुला ते वजन पेलायचं नाही.”