झेराआजोबांचं पिंप

चर्चच्याच हुकमावरून झेराआजोबांनी उत्तरेतला गहू सोडून दक्षिण युटाच्या लाल मातीत द्राक्षं लावली. त्यांची वाइन प्रभुभोजनाला चालायची, उत्पन्नाचा दहावा हिस्सा, म्हणजे दशांश म्हणून चर्च पैशांऐवजी तीच घ्यायचं. आणि आज त्यांचाच नातू ऑर्विल, गावचा नवा बिशप, दारात मान खाली घालून उभा होता.

"आजोबा, वरून आदेश आलाय. यापुढे वाइन बंद. उद्या रविवारी मलाच वाचून दाखवायचाय."

"मला इथे द्राक्षं लावायला ज्यानं पाठवलं, तो देव दुसरा होता काय रे?" म्हातारा पिंपावरून हात फिरवत राहिला. "उद्या कळलंच असतं की. आज कशाला घोडा दामटत आलास?"

ऑर्विलने कोटाच्या खिशातून दोन पेले काढले.

"आज अजून शनिवारच आहे ना, आजोबा!"