रिकाम्या स्टुलाचा डाव

“मामा, सात-आठ दोघांतच खेळतात! तिसरा वाटा कुणाला?”

“डोळे फुटलेत का तुझे? मी दोनच वाटतोय.”

तीस पानं म्हणजे पंधरा-पंधरा. पण खाली दहा-दहाचे तीन वाटे, तिसरा रिकाम्या स्टुलासमोर. मी पानं हिसकावून पुन्हा वाटली. पुन्हा तीनच.

पैज साधी होती. मामा जिंकला तर मी परत शाळेत, मी जिंकलो तर त्याच्या सायकलच्या दुकानात.

“आणि हा जिंकला तर?” मी स्टुलाकडे बोट केलं.

“तर तो नेईल तिथे जा,” मामा खो खो हसला. “खेळ आता!”

मी पान टाकलं. मामानं टाकलं. मग स्टुलासमोरचं वरचं पान आपोआप उलटलं. हुकमाचा एक्का.

मामाचं हसू ओठांवरच वाळलं. उरलेले नऊ हातही तिकडेच गेले.

“चीटिंग आहे ही!” मी ओरडलो.

स्टूल करकरत मागे सरकलं. दार उघडलं आणि कुणीतरी धरून ठेवल्यासारखं उघडंच राहिलं.

“शब्द म्हणजे शब्द,” मामा मला म्हणाला. मग दाराकडे बघून अदबीनं, “जेवायच्या वेळेपर्यंत सोडा हं याला.”

उंबऱ्यावरच्या माझ्या चपला आपोआप बाहेरच्या दिशेला वळल्या.

मला आता निघायला हवं.