बरोबरची खूण

फोन हातात घेतला की मी बाकीचं विसरते, म्हणून नवऱ्याने, देवेशने, साकीनाक्याहून जुना इलेक्ट्रॉनिक ऑर्गनायझर आणून दिला. लेकीच्या, प्रांजलच्या, पेजेची वेळ झाली की तो वाजायचा. भरवून झालं की मी त्यात बरोबरची खूण करायची.

आज तो वाजला, तर खूण आधीच केलेली होती.

मी देवेशला ऑफिसात फोन लावला.

"तूच भरवलं असशील गं. विसरलीस, दुसरं काय!"

मी काढून ठेवलेली पेजेची वाटी तशीच भरलेली होती. प्रांजलच्या ओठांना मात्र पेज लागली होती, आणि ती हसत होती. माझ्याकडे बघून ती असं कधीच हसली नव्हती. माझा जळफळाट झाला, पण हेवा कोणाचा करायचा तेच कळेना.

तिला घ्यायला मी हात पुढे केले. ज्या पहिल्या शब्दाची मी इतके महिने वाट पाहत होते, तो तिने माझ्या खांद्यामागे बघत उच्चारला.

"आई."